चुकीची पुस्तकं घरात ठेवा, बरोबर असलेली शाळेला द्या

बेळगावच्या वडगावहून आलेलं पत्र थोडं कमी करून देते आहे.

“ताई, माझं वय ४७. घरात चार माग आहेत, साड्यांचं काम चालतं. पाचवीत असताना मामानं निपाणीच्या स्टँडवर डायनासोरचं एक पुस्तक घेऊन दिलं, तेव्हापासून हा नाद. आज घरात ३४० पुस्तकं आहेत. मराठी थोडी, कन्नड थोडी, बाकी सगळी इंग्रजी. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण नावं आणि चित्रं पाठ आहेत. मुलगा नववीत आहे. परवा कपाट उघडून म्हणाला, ‘पप्पा, ह्यातली अर्धी पुस्तकं खोटी हाईत. डायनासोरना पिसं होती, तुमच्या पुस्तकात पालीसारखे दाखवल्यात.’ बायको म्हणते, पोरांची पुस्तकं घेऊन बसलाय, कपाट मोकळं करा, साड्या ठेवायला जागा नाही. गेल्या पावसात खालच्या कप्प्यातल्या वीसेक पुस्तकांना ओल धरली. गल्लीत लोक विचारतात, बेळगावात कुठला आलाय डायनासोर? जुनी पुस्तकं गावाकडच्या शाळेला द्यावीत आणि नवी, चांगली तेवढी आपल्याकडे ठेवावीत असं मनात आहे. की सगळंच रद्दीत घालू? खरं काय ते सांगा.”

भाऊ, रद्दीचं नाव काढू नका. शाळेला द्यायचा विचार चांगला आहे, पण तो उलटा करा. नवी आणि बरोबर माहितीची पुस्तकं शाळेला द्या, जुनी चुकीची तुमच्याकडे राहू देत. हे मी एका प्रसंगातून शिकले, तो आधी सांगते.

मी बावीस वर्षं एका वाचनालयाचा बालविभाग सांभाळला. कुणीतरी घर आवरताना दिलेला पुस्तकांचा गठ्ठा एकदा आमच्याकडे आला. मी वरवर चाळला, शिक्के मारले आणि रॅकवर लावून टाकला. त्यातलं डायनासोरचं पुस्तक सहावीतल्या एका मुलीनं नेलं आणि त्यावरून वक्तृत्व स्पर्धेचं भाषण पाठ केलं. लांब मानेचे अजस्र डायनासोर पाण्यातच राहायचे, कारण एवढं वजन जमिनीवर पायांना पेलत नव्हतं, असं तिनं ठासून सांगितलं. परीक्षकांत एक विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही समजूत केव्हाच मागे पडली आहे, हे प्राणी जमिनीवर चालणारेच होते. दुसऱ्या दिवशी मुलगी पुस्तक परत घेऊन आली, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “बाई, तुमच्या पुस्तकात असंच लिहिलंय.” चूक तिची नव्हती. तिनं वाचनालयावर विश्वास ठेवला होता.

वाईट वाटलं म्हणून मी त्याच आठवड्यात ते पुस्तक निर्लेखनाच्या, म्हणजे काढून टाकायच्या, यादीत घातलं. ही माझी दुसरी चूक. त्या पुस्तकात गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेल्या ब्राँटोसॉरसचं, म्हणजे अशाच एका लांब मानेच्या डायनासोरचं, दोन पानं भरून चित्र होतं. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही असंच वाटायचं, याचा तो पुरावा होता. मुलांच्या रॅकवर त्याला जागा नव्हती, पण जपून ठेवणाऱ्या एखाद्या माणसाच्या कपाटात नक्की होती. तसं कपाट तुमच्या घरात आहे.

शाळेतलं मूल पुस्तक वाचतं ते खरं मानूनच. साल बघून, दुसऱ्या पुस्तकाशी ताडून वाचायची त्याला अजून सवय नसते. म्हणून शाळेला गेल्या दहा-बारा वर्षांतलं, धडधाकट बांधणीचं पुस्तक द्या, आणि मराठी किंवा कन्नड असेल तर ते आधी द्या. जुनं पुस्तक घडलं कसं आणि चुकलं कुठं हे जाणणारा माणूस तुम्ही आहात, म्हणून ते तुमच्याकडे शोभतं.

आता मुलाचं बोलणं. ‘खोटं’ आणि ‘जुनं’ यांतला फरक त्याला दाखवा. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. चीनमध्ये १९९६ साली सायनोसॉरोप्टेरिक्स नावाचा डायनासोर उजेडात आला, त्याच्या अंगावर पिसांसारखी लव होती. त्यानंतर पिसांचे पुष्कळ डायनासोर सापडले. पण म्हणून सगळ्यांनाच पिसं होती असं होत नाही. बदकासारख्या चोचीच्या डायनासोरांच्या कातडीचे ठसे दगडात मिळाले आहेत आणि त्यांवर स्पष्ट खवले आहेत. म्हणजे तुमच्या जुन्या पुस्तकातलं प्रत्येक खवल्याचं चित्र बाद होत नाही. हे त्याला सांगा, म्हणजे तोही जरा पुढं वाचेल.

एका संध्याकाळी माग बंद झाले की त्याला शेजारी बसवा आणि हातात शिसपेन्सिल द्या. प्रत्येक पुस्तकाच्या नावाच्या पानामागं बारीक अक्षरात साल छापलेलं असतं. पुनर्मुद्रणाच्या सालाला फसू नका, पहिली आवृत्ती कधीची ते शोधा. १९७२ सालचं पुस्तक २००५ साली पुन्हा छापलं तरी आतला मजकूर १९७२ चाच असू शकतो. ते साल एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी पुस्तकात घाला. मग ओव्हिरॅप्टरचं पान उघडा.

हे पान मी मुद्दाम सांगते आहे. १९२३ साली मंगोलियात या प्राण्याचा सांगाडा अंड्यांच्या घरट्यावर सापडला. अंडी दुसऱ्या डायनासोरची आणि हा ती पळवायला आलेला, असा सर्वांचा समज झाला. पुढच्याच वर्षी नाव पडलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. जवळजवळ सत्तर वर्षं पुस्तकांतून तो चोर म्हणूनच रंगवला गेला. १९९३ साली मंगोलियातच तशाच एका अंड्यात पिल्लाचा सांगाडा मिळाला, आणि ते पिल्लू ओव्हिरॅप्टरच्याच कुळातलं निघालं. घरट्यावर मेलेला तो प्राणी अंडी चोरत नव्हता, बहुधा स्वतःचीच अंडी राखत होता. नावं देण्याचे नियम असे आहेत की एकदा पडलेलं नाव सहसा बदलत नाही, त्यामुळं तो आजही अंडीचोरच आहे. तुमच्या ३४० पुस्तकांत हा प्राणी दहा-पंधरा ठिकाणी तरी असेल. सालाप्रमाणं ती पानं ओळीनं उघडून जमिनीवर मांडा. एकीकडं अंडं तोंडात धरून पळणारा, दुसरीकडं पंख पसरून घरट्यावर बसलेला. मधल्या काळात काय घडलं हे तुमचा मुलगा न सांगता ओळखेल. ब्राँटोसॉरसचंही असंच करता येतं. १९०३ साली ठरलं की हे नाव वेगळं ठेवायला नको, हा आधीच नाव मिळालेला ॲपॅटोसॉरसच आहे. २०१५ साली सांगाड्यांची बारकाईनं तुलना झाली आणि नाव पुन्हा जिवंत झालं. म्हणजे १९९० च्या सुमाराचं जे पुस्तक ‘ब्राँटोसॉरस म्हणू नका’ असं बजावतं, तेही आता जुनं झालं.

असं बघत गेलात की संग्रहाला एक धागा मिळतो. नुसती ३४० पुस्तकं म्हणजे गठ्ठा. कुठल्या साली माणसाला काय माहीत होतं हे ज्यातून दिसतं, तो संग्रह. हे मोबाइलवर मिळत नाही, कारण तिथं नवी माहिती आली की जुनी पुसली जाते.

गल्लीतल्या लोकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला फार आवडेल, कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे. बेळगावात डायनासोर का नाही, याचं उत्तर आपल्या पायाखालच्या दगडात आहे. शहराच्या आसपास जांभा आणि त्याखाली काळा कातळ. हा कातळ म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास थरावर थर वाहत आलेला लाव्हा. लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. जबलपूर, चंद्रपूर, गुजरात या भागांत त्या लाव्ह्याच्या खाली नदी-तळ्यांचा गाळ दगड होऊन राहिला आहे, म्हणून तिथं हाडं मिळतात. आपल्याकडं लाव्ह्याखाली थेट फार फार जुने खडक लागतात. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून पडते, तो कलादगी नावाच्या खडकथरांतला गारगोटीसारखा कठीण वालुकाश्म डायनासोरांपेक्षा कितीतरी जुना आहे. तो साठत होता तेव्हा पृथ्वीवर हाडं असलेला एकही प्राणी नव्हता. त्याच कलादगीच्या चुनखडीच्या थरांत पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी रचलेले, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गोलसर थर दगड होऊन राहिले आहेत. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. डायनासोर त्यांच्यापुढं अगदी अलीकडचे.

आणि प्रागैतिहासिक प्राणी म्हणाल तर आपल्या जिल्ह्याच्या नावावर एक आहेच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रॉबर्ट ब्रूस फूट, ज्यांनी १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगातली हातकुऱ्हाड शोधली, तेच या भागात हिंडले. गोकाकजवळ त्यांना गेंड्याची अश्मीभूत हाडं मिळाली. १८७४ साली त्यांनी त्या गेंड्याला नाव दिलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनचा गेंडा. आज जिथं ऊस आणि मका दिसतो, तिथं एके काळी गेंडे चरत होते. दोनच वर्षांनी, १८७६ साली, या सगळ्या प्रदेशाच्या भूशास्त्रावर फूट यांचा ग्रंथ निघाला. त्याच्या नावातच आपल्या भागाला ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हटलं आहे. तुमच्या कपाटात पहिल्या कप्प्यात पहिलं काय असावं असं कुणी मला विचारलं, तर मी टायरॅनोसॉरस म्हणणार नाही. त्या ग्रंथातली गोकाकची पानं म्हणेन. ग्रंथ दीडशे वर्षं जुना असल्यानं त्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही. पानांच्या प्रती काढून, शिवून, पुठ्ठा घालून घ्या.

पुढची खरेदी याच अंगानं करा. परदेशी जाडजूड चकचकीत डायनासोर-कोश आता पुरे. तेच वीस प्राणी, तीच चित्रं, फक्त वेष्टण बदललेलं. तुमच्याकडं असे निदान साठ तरी असतील असं मी पत्रावरून धरून चालते. त्याऐवजी आपल्याकडच्या शोधांबद्दलचं काही मिळालं, एखादी पुस्तिका असो, मासिकाचा अंक असो, वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतला लेख असो, तर सोडू नका. बारापासॉरस माहीत आहे ना? प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातला, सिरोंचा परिसरातल्या, कोटा नावाच्या खडकथरांतला, सुमारे १४ मीटर लांबीचा. नावातला ‘बारा’ संख्येचा नाही. बंगालीत ‘बडा पा’, मोठ्या पायाचा. हाडं उकरली ती रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, म्हणून पूर्ण नाव बारापासॉरस टागोरी. त्याचा सांगाडा कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. त्याच संस्थेच्या आद्याक्षरांवरून चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला मिळालेल्या दुसऱ्या एका प्राण्याचं नाव आयसीसॉरस पडलं. जबलपूरला तर १८२८ सालीच हाडं सापडली होती. ‘डायनासोर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली काढला, म्हणजे शब्दाआधी चौदा वर्षं आपल्याकडं हाड हातात आलं होतं. ही वाक्यं तुमच्या इंग्रजी कोशांतून शोधून बघा. बहुतेकांत भारत अर्ध्या ओळीत उरकलेला असतो.

सगळ्यात मला प्रिय आहे ती पिसदुऱ्याची गोष्ट. वरोऱ्याकडं, चंद्रपूर जिल्ह्यात, हे गाव आहे. शेतात लांबट, गोलसर दगड मिळतात. हातात घेतला तर साधा गोटा वाटतो, फक्त एका टोकाला पीळ पडल्यासारखी वळी दिसते. ते अश्मीभूत शेण आहे. लखनौच्या आणि परदेशातल्या संशोधकांनी त्यातले काही दगड फोडून सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि त्यात गवताच्या पानांतले वाळूसारखे बारीक कण मिळाले. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. तोवर जगभरातल्या पुस्तकांत छापलेलं असायचं की डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, गवत पुढं आलं. पिसदुऱ्याच्या शेणानं ते वाक्य बदलायला लावलं. तुमची १९९५ आणि २००० सालची इंग्रजी पुस्तकं काढा, ‘गवत नव्हतं’ हे वाक्य शोधा आणि समासात पेन्सिलीनं लिहा: पिसदुरा, २००५. मराठी गावाचं नाव लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकाच्या समासात येऊ द्या. अशी वाक्यं असलेली पुस्तकं तुम्ही रद्दीत घालणार होता, म्हणून मी पहिल्याच ओळीत तुम्हाला अडवलं.

इंग्रजीचा संकोच मनातून काढा. नावं पाठ आहेत म्हणता, मग तुम्ही वाटेत पुष्कळ पुढं आहात. रोज एक पान, मुलाला बरोबर घेऊन. अडलेल्या शब्दांसाठी मराठी विश्वकोश उघडा, त्यात जीवाश्म, उत्क्रांती, भूवैज्ञानिक कालखंड या सगळ्यांवर नीट नोंदी आहेत. कन्नडमधली नवी पुस्तकं मात्र आधी द्या, शेजारच्या कन्नड शाळेत. तिथल्या पोरांनाही अंडीचोराची गोष्ट तेवढीच आवडेल.

ओलीबद्दल आता कामाचं बोलते. डायनासोरची पुस्तकं गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली असतात आणि आपल्याकडचा जुलै त्या कागदाचा वैरी आहे. पानं ओली होऊन वाळली की खळ लावल्यासारखी चिकटतात आणि सोडवायला गेलं की चित्रच सोलून निघतं. जी वीस पुस्तकं भिजली त्यांतली चिकटून वाळलेली पानं ओढू नका, ती तशीच राहू देत. पुन्हा कधी भिजलं तर वाळायच्या आत पानापानांत बटर पेपर घाला आणि पंख्याखाली उभं उघडून ठेवा. उन्हात थेट वाळवू नका, पाठीचा गोंद तडकतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, खाली विटा घाला. प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवायची सवय पुष्कळांना असते, त्यानं ओल आतच कोंडते. वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत घालून प्रत्येक कप्प्यात ठेवा, कसर लांब राहते. मोठ्या आकाराची जड पुस्तकं उभी ठेवली की स्वतःच्याच वजनानं बांधणीतून निखळतात. ती आडवी ठेवा, एकावर एक तीनपेक्षा जास्त नको. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. दोन वर्षांत ती पिवळी पडते आणि चित्रासकट निघते.

आणि वहिनी. तुम्ही पत्रात त्यांचं एकच वाक्य लिहिलंत, पण त्यामागं बरंच काही असणार. साडी विणणाऱ्या घरात साडी ठेवायला कपाट नसावं, ही तक्रार योग्यच आहे. पोरांची पुस्तकं म्हणाल्या ते लागलं असेल तुम्हाला. पण तुम्ही आजवर त्यांना ती उघडून दाखवलीत का? एकट्यानं वाचत बसलेल्या माणसाचा नाद घरातल्यांना परकाच वाटतो. ओव्हिरॅप्टरची पानं जमिनीवर मांडाल त्या संध्याकाळी त्यांनाही बोलवा. स्वतःची अंडी राखताना मेलेल्या आईवर, किंवा बापावर, सत्तर वर्षं चोरीचा आळ होता, ही गोष्ट त्यांना कळायला इंग्रजी लागत नाही.

साठेक कोश, दुहेरी प्रती आणि शाळेला द्यायची चांगली पुस्तकं निघाली की माझ्या अंदाजानं शंभर तरी कमी होतील. उरलेली फार तर दोनशे चाळीस वरच्या कप्प्यांत बसतात. खालचे दोन कप्पे तसेही ओलीच्या वाटेवर आहेत, तिथं पुस्तकं नकोतच. आधी भिंतीकडून कपाट ओढून घ्या, विटा घाला, कप्पे कोरडे झाल्याची खात्री करा, आणि दसऱ्याच्या आत ते दोन्ही वहिनींच्या साड्यांना मोकळे करून द्या. वेखंडाच्या पुरचुंड्या तिथंही ठेवा.